जुना पत्ता बंद करताना

३ नोव्हेंबर, सोमवार

तो दातांच्या दवाखान्यात बसला होता! आमच्या आधी येऊन!

मी मान-मानची छत्री मिटत होते. ती ओरडली, ‘पप्पा!’ मला वाटलं भलत्याच कुणाला म्हणतेय. वर बघितलं तर क्वो-तुंग. इस्त्रीचा शर्ट, हातात तिच्या आवडीचा दुधाचा चहा. ताइचुंगहून इथे किलुंगपर्यंत आला, तेही कामाच्या दिवशी.

‘किती बारीक झालीस गं,’ म्हणाला. ‘जेवत नाहीस का?’

ओरडला नाही. हात लावला नाही. दवाखान्यातली मुलगी तर हसून बघत होती — किती प्रेमळ नवरा! मान-मानच्या दातात चांदी भरून होईपर्यंत तो मासिक चाळत बसला. निघताना म्हणाला, ‘पुढच्या वेळी चारची वेळ घेऊ नकोस. शाळेतून सुटल्यावर पोरगी भुकेलेली असते.’

चारची वेळ. मी कुणालाच सांगितली नव्हती. कुणालाच!

घरी येताना दोनदा बस बदलली. उगाचच.

४ नोव्हेंबर

सकाळपासून तेच डोक्यात. दवाखान्यातली वेळ फक्त एका ठिकाणी लिहिलेली होती — मेलमध्ये. दवाखान्याने आठवणीचा मेल पाठवला होता.

म्हणजे तो माझे मेल वाचतोय.

पण मार्चमध्ये घर सोडलं तेव्हाच पासवर्ड बदलला होता. त्याचा फोन नंबर काढून टाकला होता. मग?

आज पोहण्याच्या तलावावर पोरांना पाय मारायला शिकवताना सारखी गॅलरीकडे बघत होते. एका पोराची आई म्हणाली, ‘बाई, तब्येत बरी नाही का?’ म्हटलं, सर्दी.

५ नोव्हेंबर

महिला केंद्रात गेले. श्येहबाई भेटल्या. मार्चमध्येही त्याच होत्या. केस आणखी पांढरे झालेत. मी धाडधाड सगळं सांगितलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता ते खातं बंद करून टाकते!

त्यांनी माझ्या हातातला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला.

‘आज नाही,’ म्हणाल्या. ‘त्याने धमकीचे मेल कुठे पाठवले होते?’

‘त्याच खात्यावर.’

‘मुलीचे फोटो?’

‘त्यातच. जन्मापासूनचे.’

‘बँक? शाळा? विमा?’

सगळं तिथेच. तेरा-चौदा वर्षांचं सगळं आयुष्य त्या एका पत्त्यावर. आधी सगळं बाहेर काढायचं, ते नीट उघडतंय ना ते बघायचं, सगळ्यांना नवा पत्ता द्यायचा, आणि खातं अगदी शेवटी बंद करायचं. घाईत बंद केलं तर धमक्याही गेल्या. मग न्यायाधीशापुढे काय नेणार? नुसते स्क्रीनचे फोटो काढून भागत नाही, मूळ मेल जसाच्या तसा लागतो — कुठून आला, कधी आला, या खुणांसकट.

‘पासवर्ड परत बदलू? खातं ठेवू?’ मी विचारलं. मला ते मोडवत नव्हतं, खरंच.

‘मार्चमध्ये बदललात. तरी तो आत आला. कसा, ते आपल्याला माहीत नाही. मग तिथे राहायचं कशाला?’

आणि एक — हे कुणालाही बोलायचं नाही, माझ्या फोनवरून काही करायचं नाही. सगळं केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून. केंद्राने नवा फोन दिलाय. साधासाच आहे. अजून त्यात कुणाचाच नंबर नाही.

६ नोव्हेंबर

मान-मानने जेवताना विचारलं, ‘माझा दात दुखतो ते पप्पांना कुणी सांगितलं?’

भात वाढत राहिले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

केंद्रात गेले. नवा पत्ता काढला. त्यात ना माझं नाव, ना जन्मसाल. श्येहबाई म्हणाल्या, पासवर्डात मुलीचं नाव घालू नका, मांजराचं तर नकोच नको. मांजर नाहीये म्हटलं. पहिल्यांदाच हसले या आठवड्यात.

मग जुन्या खात्यात जाऊन सगळ्याची प्रत मागवली. मेल, फोटो, पत्ते, आवाजाच्या फाइली. तयार व्हायला वेळ लागणार म्हणे. आणि तेवढ्यात त्याच खात्यात मेल आला — ‘तुमच्या माहितीची प्रत मागवण्यात आली आहे. ही मागणी तुम्हीच केली का?’

लगेच तो मेल काढून टाकला. पण तेवढ्या वेळात त्याने वाचला असेल तर?

आणि प्रत मेलवर येणार नाही, कॉम्प्युटरवरच उतरवायची हे निवडलंय ना मी? दोनदा श्येहबाईंना विचारलं. निवडलंय म्हणाल्या.

८ नोव्हेंबर

वाचला!

तलावावर मधली सुट्टी होती. बघू नका सांगितलं होतं तरी राहवलं नाही, माझ्या फोनवर जुनं खातं उघडलं. नवीन मेल नाही. पण न पाठवलेल्या मसुद्यांत एक होता. मी लिहिलेला नाही. कुणाला पाठवायचा ते रिकामं. आत एवढंच —

‘फोटो नेतेस? ने. दार मात्र लावू नकोस, यू-छिन. मग मला खिडकीतून यावं लागेल.’

सुट्टी संपल्याचं कळलंच नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली. माझ्या रांगेतली चेन नावाची लहानगी खोल बाजूला गेली होती आणि मी फोन बघत बसले होते! दुसऱ्या मास्तरने उडी मारून तिला काढलं. काही झालं नाही, नुसतं पाणी गेलं नाकात. ती रडली, मग चॉकलेट खाल्लं. मी मात्र कपडे बदलायच्या खोलीत नळ सोडून बसले. नोकरी जाईल त्याचं नाही. त्या पोरीला काही झालं असतं तर!

श्येहबाईंना नव्या फोनवरून कळवलं. त्यांनी काय म्हणावं? ‘मसुदा काढू नका! हात लावू नका त्याला. आत शिरल्याचा पुरावा त्याने स्वतःहून दिलाय.’

पण हा मसुदा कालच्या प्रतीत नसणार. म्हणजे सगळी प्रत परत मागवायची. परत तो मेल येणार. परत तो वाचणार.

मागवली.

९ नोव्हेंबर

घराच्या खिडक्यांना कड्या आहेत. एक सैल आहे. घरमालकीण लियेन आजी शिंपल्याचं ऑम्लेट विकतात खाली. त्यांना सांगितलं कडी बसवून द्या. ‘चोर आला होता का?’ म्हणाल्या. म्हटलं, येईल. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पुतण्याला पाठवून दोन कड्या बसवल्या आणि म्हणाल्या, ‘कुणी अनोळखी बाप्या जिना चढला तर तवा घेऊन येते मी.’

११ नोव्हेंबर, मंगळवार

कळलं. न कळतं तर बरं होतं.

दुपारी आईचा फोन. तिकडे चांगहुआत थंडी पडलीय, बाबांचा गुडघा, शेजारणीची सून — नेहमीचंच. मग सहज म्हणाली, ‘मान-मानचा दात कसा आहे? चांदी बसली ना नीट?’

‘हो, बस—’ आणि थांबले. आईला मी दाताचं बोललेच नव्हते.

‘आई, तुला कसं कळलं?’

तिने बाबांच्या गुडघ्याचं परत काढलं.

‘आई!’

‘अगं, टॅबवर दिसतं ना. तूच नाही का पासवर्ड दिलास? फोटो दिसत नाहीत म्हटलं तेव्हा.’

दिला होता. एप्रिलमध्ये. आईला नातीचे फोटो बघायचे होते, म्हणून फोनवर एकेक अक्षर सांगितलं होतं. माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. आई म्हणजे कुणी बाहेरचं थोडंच!

‘तू त्याला दिलास?’

‘तो आला होता गं. आमच्या बैठकीत जमिनीवर गुडघे टेकून बसला. ढसाढसा रडला. म्हणाला, आई, मला फक्त पोरगी ठीक आहे एवढं कळू दे.’

‘आणि तू दिलास.’

‘तुझे बाबा म्हणाले, दे. मग दिला.’ आवाज एकदम खाली. ‘मी कोण नाही म्हणणारी?’

‘त्याने माझा गळा धरला होता, आई. तुला सांगितलं होतं मी.’

‘संसारात होतं असं कधीकधी—’ मग मागून बाबांची हाक, आणि ती म्हणाली, ‘ठेवते, ठेवते.’

किती वेळ फोन कानालाच धरून उभी होते!

१२ नोव्हेंबर

आईवर ओरडायचं होतं. ओरडले नाही. भीती एकाचीच होती तोवर बरं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी प्रत उतरली. दोन पेनड्राइव्हवर. एक श्येहबाईंच्या कपाटात, एक माझ्याकडे.

‘उघडून बघा,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, उतरली तर आहे! ‘उघडून बघा.’ त्यांनी दुसरा कॉम्प्युटर लावून दिला. बरं झालं! मान-मान दोन वर्षांची असतानाचे फोटो त्यात नव्हतेच. वेगळ्या अल्बमात होते, मागवताना त्यावर खूण करायची राहिली होती. ते वेगळे उतरवले. आवाजाच्या फाइली मात्र होत्या. ‘आई, मासा!’ म्हणते ती. तलावाला मासा म्हणायची. ऐकत बसले.

मग त्याचे मेल उघडून बघावे लागले, खुणांसकट आलेत का ते तपासायला. आले होते. आणि त्याच ढिगात लग्नाआधीचेही मेल — ‘आज पाऊस आहे, पाय ओले ठेवू नकोस.’ तोच माणूस!

तेही ठेवलेत. का ते विचारू नये कुणी.

मसुदा आहे. तारखेसकट आहे.

१७ नोव्हेंबर

एकेक ठिकाणी नवा पत्ता देतेय. बँक झाली. विमा झाला. पोहण्याच्या शिक्षकाचा परवाना — तिथे अर्ज, फोटो, शिक्का, सगळी शोभा. कोपऱ्यावरच्या दुकानाचे पॉइंटसुद्धा त्याच पत्त्यावर. ते दुसरीकडे नेता येत नाहीत म्हणे. मान-मान त्यावर अस्वलाचा कप घेणार होती. त्या कपासाठी मी दुकानात उभी राहून रडले! इतक्या गोष्टींना रडले नव्हते.

शाळेत बाई म्हणाल्या, ‘नोंदीतून वडिलांचा पत्ता काढायचा तर कोर्टाचा कागद आणा हं.’ वाईट नव्हत्या. नियम.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी केंद्रात. आज बंद करायचं ठरलं होतं. नवा फोन नंबर गेल्या शुक्रवारीच खात्याला जोडून ठेवला होता, श्येहबाईंच्या सांगण्यावरून. मला तेव्हा वाटलं होतं, बंदच करायचंय तर नंबर कशाला जोडायचा?

पासवर्ड टाकला. चुकीचा.

परत. चुकीचा!

‘त्याने बदलला,’ मी म्हटलं. मला माझाच आवाज लांबून ऐकू येत होता. आता तो आत आणि मी बाहेर. माझ्या नावाने कुणालाही काहीही लिहील. शाळेला लिहील, मुलीला घ्यायला येतोय.

‘यू-छिन,’ श्येहबाई म्हणाल्या. एरवी आडनावाने हाक मारतात. ‘पोरांना पाण्यात काय सांगता?’

‘श्वास तोंडाने आत. नाकाने बाहेर.’

‘मग घ्या.’

घेतला. ‘पासवर्ड विसरलात?’वर दाबलं. नव्या फोनवर आकडे आले. नंबर काढायचं त्याला सुचलं नव्हतं! एकदा चुकले. दुसऱ्यांदा आत गेले. नवा पासवर्ड. सगळीकडचे सगळे बाहेर काढले — आईचा टॅब, त्याचा फोन, सगळं. सेटिंग. खातं बंद करा. ‘तुमचे सर्व मेल कायमचे जातील. नक्की?’ खूण. ‘समजलं?’ खूण.

दाबलं.

पांढरा पडदा. ‘खातं बंद झालं आहे.’ बस, एवढंच.

अजून काही आठवडे ते परत उघडता येतं म्हणे, पण त्याला माझ्या फोनवरचे आकडे लागतील. तोवर हा फोन जपायचा.

श्येहबाईंनी कपात गरम पाणी दिलं. सगळं प्यायले.

२१ नोव्हेंबर

आमच्या अर्जावर कोर्टाने तात्पुरता आदेश दिला. घर, शाळा, तलाव — त्याने कुठेही फिरकायचं नाही. न्यायाधीशबाईंनी मसुदा दोनदा वाचला. ‘खिडकीतून म्हणजे काय?’ त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘थट्टा होती.’ कुणी हसलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्याकडे बघत होता. मीही बघितलं.

कागदाने माणूस थांबतो का? कुणास ठाऊक. दोन्ही कड्या लावते.

२४ नोव्हेंबर

काही नाही. जिन्यात पाऊल वाजलं की अजून दचकते. लियेन आजींचाच पुतण्या असतो.

आईचा फोन नाही. मीही केला नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वर्ग संपला आणि वर बघितलं, तर गॅलरीत आई. एकटी. कोट ओला, मांडीवर कपड्यांची पिशवी. मी पाण्यातून ओरडले, ‘आता कुणी पाठवलं तुला?’

ती खाली काठापर्यंत आली. ओल्या फरशीवर तिचे बूट घसरत होते. वाकून अगदी हळू म्हणाली —

‘तुझ्या बाबांना माहीत नाही मी कुठे आहे. मलाही एक नवा पत्ता काढून दे.’