संजीवला टीम कशी कळते

२२ मार्च २०२०
आजपासून रोज लिहिणार. क्रिकेट बंद, फुटबॉल बंद, माझ्या आयरिश कंपनीचं सँडीफोर्डचं ऑफिस बेडरूममध्ये आलंय. साऱ्या जगात फक्त व्हिडिओ गेमच्या मॅचेस चालू आहेत आणि त्यांच्यावर रीतसर बेटिंग होतं. मी डेटा अ‍ॅनालिस्ट. कंपनीसाठी करतो तेच स्वतःसाठी करायचं. माझ्यासोबत घर शेअर करणाऱ्या दोघांना बातमी मीच दिली. उर्मिला म्हणाली, इंटरेस्टिंग आहे. माझ्याकडे बघून म्हणाली. संजीव म्हणाला, मलाही शिकव ना बे. हा नागपूरचा, शहराबाहेर लिक्सलिपला चिपच्या प्लँटमध्ये इंजिनिअर. शिकवू. झेपेल तेवढं.

५ एप्रिल
मॉडेल तयार. मागचे निकाल, खेळाडूंची वयं, इंटरनेटचा स्पीड, सगळं घातलंय. उत्तर आलं, कोबाल्ट टीम. पैसे लावले. हरले. त्यांच्या एका प्लेयरच्या घरची लाइट गेली, त्याला मॉडेल काय करणार? संजीवने समोरच्या टीमवर लावले होते. का, विचारलं. असंच वाटलं, म्हणे. पहिल्यांदा होतं असं.

३ मे
टीम जिंकत असली की जागेवरून कोणी हलायचं नाही, हा क्रिकेटचा नियम आम्ही इथेही लावलाय. संजीवची जागा सोफ्यावर, उर्मिलाच्या शेजारी. माझी किचनमध्ये. मी चहा टाकायला गेलो आणि त्यांची टीम जिंकायला लागली, म्हणून उर्मिलाने मला तिथेच थांब म्हटलं. गोड आवाजात म्हटलं. तिला माझा चहा आवडतो हे उघड आहे. प्रेस, म्हणजे इथलं कपाट, उघडून वेलची शोधत होतो, तर बाहेर दोघं हसत होते. गोळीबाराच्या गेममध्ये हसण्यासारखं काय असतं?

१९ जुलै
संजीवने जिंकलेल्या पैशातून उर्मिलाला ऑफिसची खुर्ची आणली. पाठ दुखते म्हणे तिची. पाठ माझीही दुखते. मला जळफळाट वगैरे होत नाही. खुर्ची साधीच असणार, म्हणून ती फिरायला गेल्यावर बसून बघितली. फार चांगली आहे.
एक मात्र आहे. रोज सकाळी उर्मिला मलाच विचारते, आज तुझं कोण? मी सविस्तर समजावतो. ती ऐकता ऐकता फोनवर टाइप करते. नोट्स काढते बिचारी. संजीवला कधी विचारत नाही.

२५ ऑक्टोबर
परत लॉकडाऊन. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. संजीवला प्लँटमुळे परवानगी, त्यामुळे हा गाडीतून हिंडतो आणि येताना उर्मिलासाठी क्रोसाँ आणतो. माझ्या पाच किलोमीटरात कॅनॉल आणि एक टायरचं दुकान.
त्याचं गुपित काय ते कळत नाही. माझ्याआधी कधी टीम सांगत नाही. मी लावले की मग विचार करून लावतो. आत्मविश्वासच नाही. तरी जिंकतो.

१४ फेब्रुवारी २०२१
ठरलं. आज आइस फॉक्स जिंकले की उर्मिलाशी बोलायचं. वाक्यं पाठ केली. शर्टला इस्त्री केली. आइस फॉक्स हरले. बरंच झालं. व्हॅलेंटाइनला काय, कोणीही बोलतं. मला गर्दीत उभं राहायचं नाही.

२० मार्च
घरमालक डेक्लन बॉयलर बघायला आला. जाताना मास्क खाली करून म्हणाला, उद्याच्या फायनलला तुला कोण वाटतं, म्हणजे मी दुसऱ्यावर लावतो. तुझ्या मित्राने सांगितलेली सिस्टिम एकदम ग्रँड चालतेय म्हणे.
बॉयलर ठीक आहे.

२१ मार्च
वर्षभर ज्याच्यावर मी जळलो, त्याचं गुपित मी निघालो. हरकत नाही. आता हीच सिस्टिम मी वापरणार. मॉडेल म्हणालं कोबाल्ट, मलाही आतून कोबाल्टच वाटत होतं. म्हणून समोरच्या ब्लॅक हेरनवर लावले, जास्तच लावले. उर्मिलाने विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, हेरन. तिने टाइप केलं.
कोबाल्ट जिंकलं. मॉडेल वर्षात पहिल्यांदा बरोबर आलं. संजीवने सोफ्यावरून ओरडून विचारलं, किचनमध्ये काय करून राहिला बे, ये ना, पार्टी देतो.

१८ एप्रिल
संजीव आणि उर्मिला लिक्सलिपला राहायला गेले. डिसेंबरात लग्न, नागपूरला. खुर्ची मीच गाडीत चढवली. उर्मिला म्हणाली, तुझ्यामुळे जमलं रे सगळं, त्या मॅचेस नसत्या तर आम्ही बोललोच नसतो. मी म्हटलं, त्यात काय. जळतो मी संजीववर. अजून जळतो.
संध्याकाळी तिचा मेसेज, आज तुझं कोण? वाटलं, सांगू नये. सांगितलं. चहा सवयीने तिघांचा टाकला. मग सोफ्यावर, संजीवच्या जागेवर बसून मॅच लावली. माझी टीम हरायला लागली. थोडा वेळ बघितलं, आणि कप घेऊन किचनमध्ये, माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो.