हवालदाराचा मुक्काम

३ मार्च
ताई बोका सोडून गेली. 'माझं ऑपरेशन आहे गं, दोन आठवडे सांभाळ.' मेन कून जातीचा. साडेआठ किलो! शेपूट म्हणजे बाटली धुवायचा ब्रश. नाव हवालदार — घरभर गस्त घालतो म्हणून. मला मांजरं आवडत नाहीत. तिला माहीत आहे.

५ मार्च
म्याव करत नाही. चिवचिवतो. एवढा देह आणि आवाज एवढासा! पाण्यात आधी पंजा बुडवून बघतो, मग पितो. फरशी ओली, माझे मोजे ओले.

९ मार्च
ताईचा फोन. ऑपरेशन पुढे गेलं म्हणे. 'विंचरतेस ना त्याला?' नाही म्हटलं. 'अगं, काखेत गुंता होतो. चाचपून बघ.' बघितलं — लिंबाएवढी गाठ! कात्री आणते म्हटलं तर ओरडली, 'कात्री नको! कातडी कापली जाते. बोटांनी सोडव, थोडं थोडं.' पाऊण तास गेला. एकदाच चावला, तेही नावाला.

१४ मार्च
दिवसभर लॅबमध्ये कवळ्या बनवते मी. आज मेणात केस निघाला. लांब, करडा. लॅबचे मालक म्हणाले, 'आता दातांनाही केस फुटायला लागले का?' सगळे हसले. मीही. उद्यापासून ॲप्रन घरी आणायचा नाही.

२० मार्च
ताईनं वेळ घेऊन ठेवली होती, म्हणून हवालदाराला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. या जातीत हृदयाचं दुखणं असतं, तपासून घ्यावं लागतं. सोनोग्राफी केली. हृदय ठीक. डॉक्टर म्हणाले, 'तुमचाच ना?' मी म्हटलं, बहिणीचा. 'मग तुमच्या पदराआड का लपतोय तो?' कागदावर मालक म्हणून माझं नाव. ताईनंच सांगितलेलं. चुकून असेल.

२७ मार्च
विंचरला. पोटावरचे केस पहिल्यांदाच धरू दिले.

२ एप्रिल
न कळवता ताईकडे गेले. वाळून अर्धी राहिली आहे. ऑपरेशन कधी ठरलंच नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं — आता उपयोग नाही.
'माझ्याशी खोटं का बोललीस?'
'खरं सांगितलं असतं तर माझी दया येऊन ठेवला असतास. तसा ठेवलेला मला नको होता.'
परवा हवालदाराला घेऊन तिच्याकडेच राहायला जाते आहे. लॅबच्या मालकांना रजेचं अजून सांगितलेलं नाही.