चौदा बटणांचा ड्रेस

मंगळवार, १४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं, म्हणजे आई आणि मी, ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींना सांग, त्यांनी पाठवलेला रेडिओ आई दिवसभर लावून ठेवते, ऐकते की नाही देव जाणे.

पत्र कशाला, फोन करायचा, असं म्हणशील. पण फोनवर तू बोलत सुटतेस आणि मला ते सोयीचं पडतं. म्हणून लिहायला बसलो.

आधी चांगलं सांगतो. विमा कंपनीने मंजूर केलेली मदतनीस बाई मागच्या सोमवारपासून येते. सकाळी आठला येते, मी दुकानातून सुटेपर्यंत थांबते. आईला अंघोळ घालते, औषधं देते. बडबडी आहे, अगदी आपल्या आत्यासारखी. फरक इतकाच की ही कामही करते. दुकानात चष्म्याच्या काचा घासताना आता माझा जीव घरात अडकलेला नसतो. न्हाणीघरात पडून आई दोन तास फरशीवर होती, तसं पुन्हा होणार नाही.

पहिला अर्ज का फेटाळला ते तुला माहीत आहे. अंघोळ, कपडे, जेवण, शौचाला जाणं आणि अंथरुणातून उठणं, या पाचांपैकी तीन गोष्टी जमत नसतील तरच बाई मिळते. ते बघायला नर्स आली, तर आपली आई सकाळी सहापासून केस विंचरून तयार. स्वतः चहा केला, अर्धा बशीत सांडला, आणि वर नर्सला म्हणते, "मला सगळं येतं हो. हाच लहानपणापासून घाबरट." नर्सने दोनच खुणा केल्या, अंघोळ आणि शौच. मी इतका चिडलो होतो की उरलेला चहा मोरीत ओतला.

दुसऱ्या वेळी नर्स समजूतदार निघाली, असं मी तुला फोनवर म्हणालो. खोटं बोललो. नर्स तीच होती.

ताई, आई कपडे स्वतःचे स्वतः घालायची. हात कापायला लागले तेव्हा तिने सगळ्या गाऊनची बटणं उसवून वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या, स्वतः मशीनवर बसून. दहा मिनिटं लागायची, पण घालायची. दुसऱ्या पाहणीच्या दिवशी सकाळी मी ते सगळे गाऊन बादलीत भिजत टाकले आणि खुर्चीवर काढून ठेवला तो राखाडी ड्रेस, तुझ्या लग्नासाठी शिवलेला. गळ्यापासून खाली चौदा बटणं, मसुरीएवढी. काजं तिच्याच हातची, घट्ट.

नर्स म्हणाली, "आजी, एवढा घालून दाखवा."

आईने ड्रेसकडे बघितलं. "माझे गाऊन कुठायत रे?"

"अगं, हाच घाल की," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. मग ड्रेस अंगात चढवला. चाळीस वर्षं दुकानांसाठी काज-बटण केलेली बाई ती. बटण धरायची, निसटायचं, पुन्हा धरायची. नर्सलाच बघवेना. तिसऱ्या बटणाला आईने हात मांडीवर ठेवले. "नाही जमत. लिहा तसं."

आणि मला हायसं वाटलं. केलं त्याची लाज वाटतेच, पण त्या हायसं वाटण्याची जास्त वाटते.

तिच्या भल्यासाठीच केलं, असं रोज स्वतःला समजावतो. पण तिला आधी सांगता आलं असतं. हातापाया पडून सांगितलं असतं तर तिने ऐकलंही असतं. मी विचारलंच नाही.

गाऊन वाळून कपाटात गेले. ती त्यांना हात लावत नाही. बाई आली की दोन्ही हात पुढे करून बसते. "आजी किती शहाण्या आहेत," असं बाई मला कौतुकाने सांगते आणि मी मान डोलावतो.

काल कंपनीचं पत्र आलं. सहा महिन्यांनी फेरपाहणी. दुपारी जेवायला घरी आलो, तेव्हा जेवताना तिला वाचून दाखवलं. तिने शांतपणे चमचा खाली ठेवला आणि बाईने भरवावं म्हणून तिच्यापुढे तोंड उघडलं. मी म्हटलं, आई, हे काय? तर म्हणाली, "सहा महिने आहेत ना, तोवर हेही सोडते. मग तुला माझे कपडे भिजवायला नकोत."

रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती माझी सोय बघत होती, ताई. आज सकाळीही बाईनेच भरवलं.

पुढच्या महिन्याचं तिकीट बदल आणि आत्ताच ये. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण आधी तिला माझ्याशी भांडायला लाव.

आशीर्वाद मागायचं तोंड नसलेला,
तुझा धाकटा