सात वर्षांची अट

लेस्टर, ४ मार्च २०२४

चि. एकनाथास अ. उ. आ.

पैशाचा विषय निघाला की तू फोन लेकीच्या, सोनलच्या हातात देतोस, म्हणून कागदावर लिहिते. हे गेल्यापासून एवढ्या घरात मी एकटीच. घर विकते, लहान फ्लॅट घेते, उरलेले पैसे तुला. चिपळूणला घर घे आणि ओमानची नोकरी सोड. वकीलबाई म्हणाल्या, इथला, इंग्लंडचा नियम असा की दिल्यावर सात वर्षं जगलात तर त्या पैशांवर वारसाकर नाही. आधी गेलात तर बसू शकतो. मी एकोणसत्तरची. शहात्तर गाठायला काय होतंय!

सोनलला पापा. माया आहेच, ती वाढू दे.
तुझी ताई, वसुंधरा

दार्सैत, मस्कत, २२ मार्च २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र रुसैलला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये दोनदा वाचलं. चिपळूणचं घर कुणाला नको? पण आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि अकरा वर्षं तुझा चेहरा फोनच्या काचेतच बघतोय. आमच्याकडे हिशेब बघणारा प्रशांत म्हणाला, स्वतःवर खर्च केलेल्या पैशांना असली अट नसते. मग इकडचं तिकीट काढ. आणि खरं सांग, एवढी घाई कसली?

रागावू नकोस, जीव लाव.
तुझा एकनाथ

लेस्टर, १० एप्रिल २०२४

चि. एकनाथास आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. फेब्रुवारीत पोटात गाठ निघाली. डॉक्टर वर्षभराचं बोलतात. वकीलबाईंना म्हटलं, जाऊ दे कर, उरेल ते त्याचं. तुझं पत्र आल्यावर डॉक्टरांना प्रवासाचं विचारलं. करायचा तर आत्ताच करा, म्हणाले. २९ला मस्कतला पोचते. विमानतळावर रडायचं नाही, सोनल घाबरेल.

भेटीची आस लागलेली,
ताई

दार्सैत, १६ जून २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू लेस्टरला परत जाऊन महिना झाला. उशीला तुझ्या तेलाचा वास होता, काल तोही गेला. सोनलने वहीत मराठीतून लिहिलंय, ‘आत्या, तू परत कधी येतो?’ सुधारायला पेन घेतलं, मग तसंच राहू दिलं. पैशांचं तुझ्या मनासारखं कर, आता मी नाही म्हणणार नाही.

इंग्लंडचा व्हिसा मिळाला. अर्बाबने, आमच्या मालकाने विचारलं, किती दिवस? माहीत नाही म्हणालो. तो म्हणाला, यल्ला, जा बहिणीकडे.

७ जुलैला पोचतो. दार उघडायला उठू नकोस, किल्ली शेजारणीकडे ठेव.

तुझाच,
एकनाथ