बाब्याला कसं विचारायचं

दि. ५ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अ. उ. आ. लिहायला पेन उचललं, तेवढ्यात धाकट्या मावशीचं पत्र हाती आलं आणि पेन तसंच राहिलं. तरी आशीर्वाद घे. थोरलीला ते द्यावेच लागतात.

मावशी लिहिते, की तू बाब्याला कुठल्याशा घरात परक्या माणसांत नेऊन ठेवलंस. हे मला मावशीकडून कळावं? आपला एकुलता एक भाऊ, चाळिशी उलटली तरी बुटाचे बंद बांधताना जीभ बाहेर काढणारा. त्याला तिथे जेवलास का म्हणून कोण विचारतं, झोपेत पांघरूण सरकलं तर कोण घालतं? आईला जाऊन अजून दोन वर्षं व्हायची आहेत.

फोन करू नकोस. मला निम्मं ऐकू येत नाही आणि ते निम्मं तुझे भावोजी शेजारून ओरडून सांगतात, तेही भलतंच. सविस्तर लिही. ते घर कुणाचं, तिथे कोण कोण आहे, त्याला मारत-बिरत नाहीत ना? आणि मुख्य म्हणजे, बाब्याला काय हवंय हे त्याला कुणी विचारलं का? पत्र रागाच्या भरात लिहितेय हे मला दिसतंय, पण फाडून पुन्हा लिहायचा धीर नाही.

राग आणि लोभ दोन्ही एकाच पाकिटात घातलेत. आधी कुठला बाहेर काढायचा ते तू बघ.

तुझी,
ताई


दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांगच घातला असता, पण कंबर धरली आहे. उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे.

मावशीने अर्धंच लिहिलं. बाब्याला मी टाकलेलं नाही, तो तिथे राहून बघतोय. आई गेल्यापासून मी सकाळी चष्म्याच्या दुकानात जायचे आणि तो संध्याकाळपर्यंत खिडकीत बसायचा. शेजारीण मधून डोकावायची. एकदा मी परत आले, तर सकाळी दिलेला डबा समोर ठेवून तसाच बसला होता. उघड असं कुणी म्हटलं नव्हतं ना! दुसऱ्या दिवशी दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं आणि आधी बाब्यासारख्यांसाठी अशी घरं चालवणाऱ्या संस्थेत गेले.

घर साधं आहे. खाली औषधांचं दुकान, वर हे. बाब्या धरून चौघं राहतात, प्रत्येकाला आपली खोली. मदतनीस पाळीपाळीने असतात, रात्रीही एक जण असतोच. सकाळी सगळे कार्यशाळेत जातात आणि हॉस्पिटलच्या टॉवेलांच्या घड्या घालतात. आपला बाब्या काठाला काठ जुळल्याशिवाय टॉवेल हातातून सोडत नाही, त्यामुळे ढीग कमी आणि कौतुक जास्त. त्याला कुणी मारत नाही. उलट शेजारच्या खोलीत एक जण आहे, सदा कानाला रेडिओ लावून फिरणारा, त्यालाच हा सकाळी ढोसून उठवतो.

मार्चअखेर बैठक आहे. या घराची सगळी व्यवस्था बघणाऱ्या समन्वयक बाई आहेत, त्या म्हणतात की त्या दिवशी बाब्याने स्वतः ठरवायचं. राहतो म्हणाला तर खोली कायमची त्याची. नको म्हणाला तर ती दुसऱ्याला जाणार, आणि मग पुन्हा जागा मिळायला किती वर्षं लागतील ते त्यांनाही सांगता येत नाही. घरच्यांनी बैठकीत त्याच्या वतीने बोलायचं नाही, असा नियमच आहे म्हणे. आजवर त्याच्या वतीने बोलण्यात माझी हयात गेली!

आता तुझा मुख्य प्रश्न. विचारलं गं. मी विचारलं तेव्हा ठामपणे म्हणाला, घरी. मदतनीसांनी विचारलं तेव्हा तितक्याच ठामपणे म्हणाला, इथे. पुन्हा मी, पुन्हा घरी. पुन्हा ते, पुन्हा इथे. त्यांना वाटतं तो माझं मन राखतो, मला वाटतं तो त्यांना भितो. तो मात्र दोन्हीकडे सारखाच हसतो. माझं डोकं चालेनासं झालंय. तूच काहीतरी सुचव.

राग काढून झाला असेल तर पाकिटात उरलेलं मला दे.

तुझी,
चिमी


दि. २१ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अ. उ. आ., या खेपेला हात न आखडता.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की तुझे भावोजी आतून धावत आले. अगं वेडे, आईची रीत विसरलीस? बाब्या शेवटचं उचलतो. दूध की चहा म्हटलं की चहा, चहा की दूध म्हटलं की दूध. त्याला आंघोळीला पाठवायचं असलं की आई विचारायची, खेळत बसतोस की आंघोळीला जातोस, आणि हा टॉवेल खांद्यावर टाकून निघायचा. आपल्याला हवं ते शेवटी ठेवायचं, ही तर आपल्या घरातली शिस्त! येणारे-जाणारे म्हणायचे, मुलगा किती समजूतदार.

म्हणजे तू विचारलं असणार, तिथे राहतोस की घरी येतोस. ते विचारत असणार, घरी जातोस की इथे राहतोस. झालं की! आता एकच कर. बैठकीत जो कोणी विचारणार असेल त्याच्या कानात आधीच सांगून ठेव, की घर शेवटी घ्या. भाऊ घरी येईल आणि कुणाला वाईटही वाटणार नाही.

भावोजी म्हणतात, ही लबाडी आहे. मी विचारलं, मग काय माझी आई लबाड होती? तेव्हापासून ते वर्तमानपत्राच्या मागे आहेत. पण चिमे, खरं सांगू, हे लिहिताना मी मध्येच थांबले. बाब्याला दूध आवडतं की नाही, हे मला आठवेना. मग लक्षात आलं, की आठवायला ते मला कधी माहीतच नव्हतं.

तरी सांगितलंय तसं कर. लोभ कमी झालेला नाही, फक्त जरा गोंधळलाय.

तुझी,
ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आणि तुझ्या स्मरणशक्तीला वेगळा नमस्कार.

रोज तेच करत होते, पण करतेय हे ध्यानातच नव्हतं. तू म्हणालीस तसं कुणाच्या कानात मात्र सांगितलं नाही. समन्वयक बाईंना सरळ सगळं सांगून टाकलं. त्या दोन्ही हातांनी डोकं धरून बसल्या. बाब्याचा कौल अगदी स्पष्ट आहे, असं त्यांनी वरच्या लोकांना कळवूनही टाकलं होतं. मग माझ्यासमोरच त्याला विचारून पाहिलं, आधी एका क्रमाने, लगेच उलट्या क्रमाने. एकदा इथे, एकदा घरी, चेहरा तोच प्रसन्न. मदतनीस हसायला लागला, त्याचं बघून बाब्या, मग मी. हसता हसता मला रडू फुटलं आणि कुणालाच कळेना, की आता थांबायचं कसं.

बाईंनी आता सगळ्यांना प्रश्न विचारायलाच बंदी केली आहे. दोन्ही गोष्टी समोर ठेवायच्या आणि गप्प बसायचं. काल एक कप चहा आणि एक कप दूध ठेवलं. बाब्या एकदा या कपाकडे बघायचा, एकदा त्या, आणि मग माझ्या तोंडाकडे. मी छताकडे बघत बसले. दुधावर साय धरली तरी याचा हात हलेना. शेवटी रेडिओवाला आला आणि दोन्ही कप रिकामे करून गेला.

दुकानात माझी वेगळीच पंचाईत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर काचा बदलत मी दिवसभर विचारते, आधीची बरी की ही बरी. बरेच जण म्हणतात, ही. आता प्रत्येकाला उलटसुलट विचारते, तर मालक म्हणतात की एका चष्म्याला किती वेळ लावता.

तुझ्याशिवाय हे कुणाजवळ बोलणार? बाब्या गेला त्या आठवड्यात मला शांत झोप लागली. ओट्याशी उभी राहूनच जेवले, भांडी तशीच टाकली, आणि बरं वाटलं. मग रविवारी त्याचा टूथब्रश जागेवर नाही हे बघून नळ सोडून रडले. तो मला परत हवाय का? हवाय. नकोय का? तेही आहेच. आणि तुझ्या पत्रानंतर आणखी एक आठवलं. मला दुसऱ्या गावच्या मोठ्या दुकानात बोलावलं होतं ना, तेव्हा आईने विचारलं होतं, तिकडे जातेस की बाब्याजवळ राहतेस. मी म्हणाले, राहते. किती समजूतदार!

लोभ असू दे, मी काय बोलतेय ते नाही समजलं तरी.

तुझी,
चिमी


दि. १५ मार्च

चि. चिमीस,

अ. उ. आ. याहून जास्त काय देऊ ते सुचत नाही.

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवायला घेतलं आणि शेवटच्या भागाशी येऊन कागदाची घडी घातली. आईवर रागवावं, तर त्या माउलीने दुसरं काय केलं असतं? न रागवावं, तर तुझ्याकडे बघून तेही जमत नाही. मी लग्न करून इकडे आले आणि वर्षानुवर्षं तुला पत्रांतून हुकूम सोडत राहिले. घर शेवटी घ्या म्हणून लिहिलं होतं, ते मागे घेते.

मनात आलं, की बाब्याला इकडेच आणावं. पण आमचा जिना असा, आणि त्याने हाक मारली तर मला ऐकू यायची नाही. म्हणजे तेही नाही. काय करावं ते मला खरोखर कळत नाही, चिमे. असं मी कबूल केलं म्हणून भावोजींनी स्वतः चहा करून आणला.

बैठकीत तेवढी तोंड मिटून बस. पाळण्यात होतीस तेव्हापासून तुला ते जमलेलं नाही, पण प्रयत्न कर. इकडे माझा जीव टांगणीला लागलाय आणि लोभ त्याच्या शेजारीच.

तुझी,
ताई


दि. ३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. जीव टांगणीवरून खाली उतरव. काय झालं ते सांगते, समजलं किती ते विचारू नकोस.

बैठक त्यांच्याच बैठकीच्या खोलीत होती. मधल्या खुर्चीत बाब्या, त्याच्या भोवती बाई, मदतनीस आणि मी. रेडिओवाला बोलावलं नसताना दाराशी. विचारायचं कुणीच काही नव्हतं. बाईंनी एवढंच सांगितलं, की ही खोली बाब्याची होऊ शकते आणि घरची खोलीही त्याचीच आहे, आणि मग सगळे गप्प. खाली औषधांच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर केलं, तेवढाच आवाज. बाब्याने माझ्याकडे पाहिलं. मी छत गाठलं. त्याने बाईंकडे पाहिलं, त्यांनी आपली नखं बघायला घेतली. बिचाऱ्याला कुणाचं तोंडच मिळेना.

आणि ताई, मला ते बघवेना. त्याच्या कपाळावर घाम आला होता. नियम, बाई, सगळं विसरले. उठले, खुंटीवरचं त्याचं जाकीट काढलं, त्याच्या हातात बाह्या घातल्या, लहानपणी घालायचे तशा, आणि म्हणाले की चल, पुरे झालं, आपण घरी जाऊ. विचारलं नाही गं, सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. सगळं बिघडवलं मी, हे मलाही त्याच क्षणी कळलं. मी चल म्हटलं आणि बाब्या निघाला नाही, असं आजवर झालेलं नाही.

तो उठला. दारापर्यंत माझ्यामागून आलाही. तिथे थांबला, जाकिटाची एक बाही काढली, मग दुसरी, आणि जाकीट पुन्हा खुंटीला लावलं. ते नीट बसलं नव्हतं म्हणून पुन्हा काढून लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, बाब्या इथे राहतो. मी खुळ्यासारखं म्हणाले, की मग मी काय करू. उत्तराची अपेक्षाही नव्हती. तर म्हणाला, की चिमीने रविवारी यावं, आणि आधी बेल वाजवावी.

आजवर तिथे गेले की मी मागच्या जिन्याने स्वयंपाकघरातून थेट त्याच्या खोलीत जायचे, कपाट उघडून कपडे नीट लावायला लागायचे. त्याला ते आवडत नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. घरी आले, त्याची गादी गुंडाळायला घेतली, पुन्हा पसरली, आणि मध्येच छाती अशी फुलून यायची, की बाब्याने मला चक्क नाही म्हटलं! शेजारणीने विचारलं, बातमी चांगली की वाईट. मी म्हटलं, दोन्ही. तिला वाटलं, वाईटच.

रविवारी पुढच्या दाराने गेले. बेल वाजवली. आतून रेडिओ धावत आला, आणि बाब्याने त्याला दटावून परत पाठवलेलं ऐकू आलं, माझी बहीण आहे म्हणून. मग कडीशी खटपट सुरू झाली. ती वर उचलून सरकवावी लागते आणि तो नुसतीच ओढत होता. सांगायला ओठांवर आलं होतं. बाहेर उभी राहून मी दोन्ही हातांनी पर्स आवळून धरली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. घामाघूम झाला होता. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं, बाजूला झाला आणि म्हणाला, ये, बस.

मी बसले.

तू येशील तेव्हा लोभ सोबत आण, आणि बेल वाजव.

तुझी,
चिमी