जव्हारचे दुकान, तंबाखू न विकण्याच्या अटीवर

दिनांक २२ नोव्हेंबर २००९, रविवार. आज दुकान उघडले नाही. मुलगा उमेश सुनेला घेऊन तिच्या माहेरी मोखाड्याला गेला आहे. साक्षीदार दुपारी येतील.

मी कमू ढवळू भोये, वय ६१, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. माझे पती भाद्रपदात तोंडाच्या कर्करोगाने वारले. माझ्यामागे वाद नको.

१) साखरशेतचे घर व नागलीचे शेत उमेशला.

२) जव्हार स्टँडजवळचे दुकान माझ्या फंडातून घेतलेले असून माझ्या नावावर आहे. ते सून हर्षाली हिला द्यावे. अट एकच, तेथे तंबाखू, विडी, गुटखा विकायचा नाही. अट मोडल्यास दुकान विकून रक्कम साखरशेतच्या शाळेला द्यावी.

उमेशला हे पटणार नाही. "आई, तंबाखू नसेल तर गिऱ्हाईक मीठ न्यायलाही फिरकणार नाही," असे तो म्हणतो. ज्याला मीठ लागेल तो येईल.

माझा पुतण्या धर्मेंद्र विक्रीकर कार्यालयात आहे. पाकिटावर धोक्याचे चित्र छापायचा नियम जूनपासून आला, तेव्हा तो म्हणाला, "काकू, आता खप पडणार, सरकारचा महसूल बुडणार." तसे काही झाले नाही. तंबाखूच्या पुडीवर विंचू आला आणि लोकांना ती नवी छाप वाटली. सूर्यमाळचा रघ्या म्हणाला, "बाई, ती इंचूवाली दे. ती कडक."

हर्षाली म्हणाली, "दादा, ती छाप नाही. खाल्लं तर मरशील, असं सांगतंय."

"मग तिरडी काढायची! इंचू तं आम्ही रोज चपलेनं मारतो."

सगळे हसले. उमेश तिच्यावर ओरडला, पण ती प्रत्येकाला सांगतच राहिली. म्हणून दुकान तिला. धर्मेंद्रला मी कळवले की तुझा महसूल सुखरूप आहे. पुडीमागे सरकारला काय मिळते ते त्याला ठाऊक. त्याच्या काकांचा आधी जबडा गेला, मग बोलणे गेले.

३) तराजू व वजने हर्षालीला. पतींचा अडकित्ता कोणालाही देऊ नये.

४) बँकेतील शिल्लक उमेश व हर्षाली दोघांत निम्मी.

५) दिवसकार्याला मयताची आवडती वस्तू ठेवतात. यांच्या वेळी उमेशने तंबाखू ठेवली होती, ती मी उचलली. माझ्यासाठी कोरा चहा ठेवावा.

६) दुकानातील तंबाखूवर कर भरलेला आहे. सरकारचे सरकारला पोचले. तो माल मी आजच नष्ट करीन, त्यावर कोणी हक्क सांगू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व साक्षीदारांसमोर सही केली.

सही: कमू ढवळू भोये

साक्षीदार:
१. इदरीस शेख, शेजारचे शिंपी
२. सुकी बुध्या वाघ, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका

ठिकाण: जव्हार

ता. क. साक्षीदार गेले. पुड्या फोडून परसातल्या खड्ड्यात टाकल्या, माती लोटली. मांडणी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. आता तिथे मिठाच्या पिशव्या लावत आहे.