फोनची ट्रायल

१२ ऑक्टोबर
निर्णय घेतला. नवा स्मार्टफोन घ्यायचा. बायको म्हणते, ती वर्षभर हेच सांगतेय. असेल. सांगणं वेगळं, निर्णय वेगळा.

कारण असं. मुलीचा फोन आला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नातीला घेऊन येतेय. नात दीड वर्षाची. आजी दिसली की टाळ्या वाजवते, कारण आजी शाळेतून आली की रोज सात वाजता व्हिडिओवर हजर. त्या वेळी मी दुकानात, कुणाच्या तरी बगलेत टेप घालून उभा. माझ्या फोनचा कॅमेरा कधीच गेला. आवाजही तुटतो. त्यामुळे नातीने माझ्याकडून आजवर काय ऐकलं, तर हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, हॅलो. मुलगी हसत हसत सांगत होती की माझा फोटो दाखवला की पोरगी "हॅलो" म्हणते. तिला वाटतं, ते माझं नाव आहे.

मीही हसलो. नंतर बघतो तर बँकेच्या मॅनेजरच्या शिवायला आलेल्या कोटाला डावी बाही उजवीकडे लावलेली. उसवली.

संकल्प: ती दारात येईल तेव्हा मला बघून ओळखणार आणि आजोबा म्हणणार. वेळ भरपूर आहे.

१३ ऑक्टोबर
लोक फोन कसा घेतात? शेजाऱ्याने घेतला म्हणून. मी शिंपी आहे. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. आधी गरजेचं माप, मग फोन.

समोरच्या फोनवाल्याकडे गेलो. त्याने बजेट विचारलं. मी म्हटलं, बजेट नंतर, आधी गरज विचारा. त्याने गरज विचारली. मी म्हटलं, त्याचाच अभ्यास चालू आहे. मग तो म्हणाला की अभ्यास जरा बाजूला उभं राहून करा, मागे गिऱ्हाईक आहे. धंद्याची रीत नाही माणसाला.

१६ ऑक्टोबर
बायको म्हणाली, तुमच्या त्या फोनमध्ये आता काही राम उरलेला नाही. मी समजावलं की त्याला रॅम म्हणतात आणि तो दोन जीबी आहे. ती भात लावायला गेली. एवढी शाळेत शिकवते, पण उच्चार कच्चे.

१९ ऑक्टोबर, रविवार
माहिती गोळा करायला बायकोचा फोन दुकानात नेला. काजं-बटणं करणाऱ्या मावशी आणि मी मिळून अकरा रिव्ह्यू पाहिले. सगळ्यांत एक पोरगा खोका उघडतो आणि वास घेतल्यासारखं करतो. सातला पाच कमी असताना बायकोचा फोन बंद पडला. चार्जर घरी. म्हणजे आज आजीलाही नात दिसली नाही.

बायकोने रात्री ताट आपटून वाढलं. मी मात्र एक महत्त्वाची गोष्ट शिकलो: बॅटरी मोठी हवी. तिला सांगितलं. पाणीही आपटूनच आलं.

२७ ऑक्टोबर
आठवडाभर स्वतःवर लक्ष ठेवलं. मी फोन कशाला वापरतो? खाली पडलेली सुई शोधायला टॉर्च. दारातून बाहेर पडल्यावर काय आणायला सांगितलं होतं ते विचारायला बायको. बास. बायको म्हणाली, मग टॉर्च घ्या. तिला भविष्यातली गरज कळत नाही.

मॅनेजर कोट विचारायला आला होता. बटणं यायचीत म्हणून सांगितलं.

२ नोव्हेंबर
काय सुचलंय! आपण कोटाची ट्रायल घेतो. कच्ची शिलाई घालून अंगावर चढवतो, मग पक्कं करतो. फोनची ट्रायल का नको?

दिवसभर बसून तीन फोन बनवले. लहान, मधला, मोठा. आत पुठ्ठा, वर कॉलर ताठ ठेवणारं बकरम, त्यावर कोटाच्या अस्तराचं काळं कापड. वजनाला आत लोखंडी बटणं. खडूने पडदा आखला. मावशींनी कडेने टाके घालून दिले, पण घालता घालता विचारलं की यातून बोलायचं कुठून. मावशींना कल्पकता शिकवायला हवी.

५ नोव्हेंबर
ट्रायलचा निष्कर्ष: मोठाच पाहिजे. चेहरा मोठा दिसेल. अडचण एकच, शर्टाच्या खिशात मावत नाही. दुसरा कुणी असता तर त्याने फोन बदलला असता. मी खिसे बदलले. सातही शर्टांचे. बायको म्हणाली, छातीवर टपालपेटी लावल्यासारखी दिसतेय. मावतो मात्र झकास.

हात शिवशिवत होते म्हणून मॅनेजरच्या कोटाचा आतला खिसाही वाढवला. पुढे दुवा देईल.

९ नोव्हेंबर
पुठ्ठ्याची ती मोठी डमी रोज खिशात असते. हाताला सवय होतेय. आज बिल भरायच्या रांगेत ती कानाला लावून पाहिली. कुणी हसलं नाही, उलट मागची बाई जरा सरकून उभी राहिली. रुबाब पडतो.

मग नुसतं कानाला काय लावायचं, म्हणून बोललो. म्हटलं, मी आजोबा बोलतोय. आ-जो-बा. आता तू म्हण. आवाज कुठेही तुटला नाही. रांग कधी संपली, कळलंच नाही.

१४ नोव्हेंबर
आज लिहायचं नव्हतं.

सकाळी डमी खिशात टाकली आणि दुकानात गेलो. खरा फोन घरी, फ्रिजवर. खिसा जड होता, त्यामुळे शंकाच आली नाही. दुपारी मुलीने पाच वेळा फोन केला. बायको शाळेत. फोन रिकाम्या घरात वाजत राहिला. संध्याकाळी कळलं की दुपारी नातीने माझ्या फोटोवर बोट ठेवून स्पष्ट "आजोबा" म्हटलं. मला ऐकवायला म्हणून मुलगी फोन लावत होती. नंतर तिने किती विनवलं, पोरगी पुन्हा हॅलोवर.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ताटावरून उठलो. बायकोने माझं ताट झाकून ठेवलं, ते जास्त लागलं.

तसा दोष कुणाचा, असं पाहिलं तर डमी फारच हुबेहूब झाली होती.

१५ नोव्हेंबर
संकल्प: उद्या फोन घेणार. आता विचार बास.

१६ नोव्हेंबर
गेलो. फोनवाला म्हणाला की मोठ्यात हे मॉडेल आहे, पण जानेवारीत नवं येतंय. मग आता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. परत आलो. बायकोला हिशोब पटवून सांगितला. ती म्हणाली, नात डिसेंबरमध्ये येतेय, जानेवारीचं मॉडेल म्हणून नाही येत.

हिच्याशी टेक्निकल बोलण्यात अर्थ नाही.

२८ नोव्हेंबर
बायको शाळेतून येता येता फोन घेऊन आली. येता येता! जशी कोथिंबीर आणावी. दुकानदाराला म्हणे दोनच प्रश्न विचारले. समोरच्याचा चेहरा दिसतो का आणि आवाज स्वच्छ येतो का. रॅम विचारला नाही. मी विचारलं की का नाही विचारला, तर म्हणाली, राम आहे त्यात.

फोन लहान आहे. माझ्या खिशात थेट तळाला जातो, मनगटापर्यंत हात घालावा लागतो. उपाय काढला. मोठी डमी मागे ठेवायची, म्हणजे खिसा ताठ राहतो आणि फोन हाताला लागतो. अभ्यास वाया जात नाही.

२९ नोव्हेंबर
सात वाजता पहिला व्हिडिओ कॉल! दुकानात गर्दी होती तरी टेप खाली ठेवला. मॅनेजर एका बाहीत उभा होता, त्याला थांब म्हटलं.

मन लावून बोललो. चांगली दहा मिनिटं. आजोबा, आजोबा, मी आजोबा. पलीकडून नुसतं खिदळणं. मुलगी काहीतरी ओरडत होती, पण मी ऐकतोय कुठे.

घरी आल्यावर बायकोने सांगितलं की मी फोन सवयीने कानाला लावला होता. नातीने दहा मिनिटं माझा कान पाहिला.

नवीन माणसाकडून होतं असं. मुलगी म्हणाली म्हणे, कान अगदी स्पष्ट दिसत होता. म्हणजे कॅमेरा चांगला आहे.

३० नोव्हेंबर
ठीक आहे. उद्यापासून रोज कॉल, चेहऱ्यासमोर धरून. अजून चार दिवस आहेत.

मॅनेजर कोट घेऊन गेला. आतला खिसा पाहून म्हणाला की यात जेवणाचा डबा मावेल. कौतुकच म्हणायचं.

३ डिसेंबर
मुलगी तीन दिवस सामान बांधतेय. तिकडून एकही कॉल नाही.

४ डिसेंबर
आल्या.

सकाळीच अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होतो. नात आईच्या कडेवर. आजी दिसली तशी टाळ्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी वाकून, अगदी हळू, सराव केला होता तसं म्हटलं, मी आजोबा. तिने ओठ काढला आणि भोकाडच पसरलं. आईच्या मानेत तोंड खुपसलं. मुलगी म्हणाली, फोटोत तुम्हाला केस आहेत ना बाबा, म्हणून. फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे.

माझे डोळे भरून आले. उगीच कुणी बघायला नको म्हणून खुंटीवरची पिशवी काढायच्या निमित्ताने तोंड फिरवून उभा राहिलो. पिशवी नव्हती खुंटीवर.

मागे रडणं थांबलं. एकदम. मग कानाला काहीतरी ओलं, इवलंसं लागलं. नात आईच्या कडेवरून ओणवी होऊन माझा कान धरून बघत होती. ओढला, निरखला, आणि घर दणाणून सोडलं: "हॅलो!"

ओळखलं! मला ओळखलं!

मग माझ्याकडे झेपावली. खिशात हात घातला. तिचा हात नव्या फोनवरून सरळ मागच्या मोठ्या डमीवर गेला. ती ओढून काढली, माझ्या कानाला लावली आणि पुन्हा हॅलो. मीही हॅलो म्हटलं. दुपारभर आमचं एवढंच संभाषण चाललं. जेवणही त्यातच झालं.

बायको म्हणाली, एवढ्या महागाचा फोन आणलाय, एक फोटो तरी काढायचा. खरंच की. नवा फोन शोधला तर तो खिशाच्या तळाशी, बंद. चार्जिंगला लावायचा राहिला होता. बॅटरी मोठी हवी असं मी ऑक्टोबरमध्येच म्हटलं होतं, पण माझं ऐकतो कोण.

आता नात झोपलीय, डमी छातीशी धरून. तिला आजोबा म्हणायला शिकवायचं आहे, पण घाई नाही. मावशींना सांगायला हवं की डमीतून बोलायचं कुठून ते कळलं. आणि मुलीला म्हटलं, पोरीला सारखं सारखं टोकू नकोस. हॅलोही काही वाईट नाव नाही.